तिसऱ्या खुंटीमागची भिंत

"साहेब, दादा उठत नाहीये!" दुपारी तीनच्या सुमारास चौकीवर फोन आला. फोन करणारा धाकटा भाऊ आता बेड्या घालून सुतारकारखान्याच्या दारात बसला होता.

मास्तरीणबाई आत शिरल्या. पूर्वी त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून पोलिसांच्या प्रयोगशाळेत हे नाव चिकटलं. रक्ताचे डाग वाचणं हे त्यांचं काम.

फौजदारांना घाई होती. "बाई, सगळं उघड आहे. सकाळी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. याचा शर्ट रक्तानं माखलाय. संध्याकाळच्या आत कोठडीत टाकतो."

"टाका की. पण आधी मला बघू द्या. उतावळेपणानं माणूस फासावर गेला, तर परत आणता येत नाही."

थोरला भाऊ कामाच्या टेबलाजवळ पालथा पडला होता, शेजारी हातोडा. समोरच्या भिंतीवर तीन खुंट्यांना तीन एप्रन टांगलेले आणि भिंतभर मोहरीएवढे लाल ठिपके.

थोरल्याची बायको कोपऱ्यात बसली होती. "पोटच्या पोरासारखं वाढवलं याला," ती दिराकडे बोट दाखवून म्हणाली. "सापाला दूध पाजलं मी!"

बाई धाकट्याजवळ गेल्या.

"शर्टाला रक्त कसं लागलं?" बाईंनी त्याला विचारलं.

"जेवून आलो, तर दादा पडलेला. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हलवून हलवून हाका मारल्या."

बाईंनी भिंग लावून शर्ट इंच इंच पाहिला. मग बाई कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराकडे वळल्या. सगळे त्याला काका म्हणत.

"तुम्ही कुठं होता?"

"एक वाजता एप्रन टांगला आणि घरी जेवायला गेलो. घर इथंच मागं आहे. आरडाओरडा ऐकून आलो."

"एप्रन टांगला, हे नक्की?"

"तीस वर्षांत चुकलो नाही, बाई. खुंटी रिकामी म्हणजे माणूस कामावर, हा इथला नियम."

"नंतर कुणी हलवला?"

"छे! कोण हलवणार?"

"धुता कधी?"

"रविवारच्या रविवार."

त्या दिवशी शुक्रवार होता. बाईंनी हातमोजे घातले आणि एकेक एप्रन उचलून मागं पाहिलं. तिसरा काकांचा; त्याच्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"फौजदार, काकांच्या घरी माणूस पाठवा. आणि दार लावून घ्या."

फौजदारांनी एका शिपायाला पाठवलं आणि दार लावून घेतलं. काकांनी कपाळाचा घाम पुसला.

"हातोड्याचे घाव बसले की रक्त बारीक थेंबांनी उडतं," बाई म्हणाल्या. "मारणाऱ्याच्या अंगावर ते येणारच. धाकट्याच्या शर्टावर नुसते पसरलेले, मुरलेले डाग आहेत. असा एकही ठिपका नाही. तो खरंच डोकं मांडीवर घेऊन बसला होता."

"मग कोण?" फौजदारांनी विचारलं.

"पहिल्या दोन, म्हणजे भावांच्या, एप्रनांवर ठिपके आहेत आणि त्यांच्या मागची भिंत स्वच्छ. म्हणजे ते तेव्हा टांगलेले होते. तिसऱ्यावर एकही ठिपका नाही, पण त्याच्या मागच्या भिंतीवर ठिपके आहेत. काका, घाव बसले तेव्हा तुमची खुंटी रिकामी होती. एप्रन तुमच्या अंगावर होता. तो रक्तानं भरला, म्हणून घरून दुसरा आणून टांगलात. खुंटी रिकामी दिसली असती, तर तुम्ही कामावर होता हे उघड झालं असतं. पण आठवडाभर वापरलेल्या एप्रनला भुसा नाही, सरस नाही. इस्त्रीच्या घड्या मात्र ताज्या!"

शिपाई काकांच्या घरून बादली घेऊन परतला. गुलाबी पाण्यात एप्रन भिजत होता.

काकांनी बादलीकडे पाहिलं. "तुमचे हात थरथरतात, म्हणाला थोरला. उद्यापासून येऊ नका म्हणाला. मी उभा केला हा कारखाना!"

"आणि मला बेड्या पडल्या तेव्हा गप्प राहिलात?" धाकटा ओरडला. "तुम्हीच मला पाणी पाजलंत, काका!"

शिपायानं काकांना दाराकडे नेलं.

फौजदारांनी धाकट्याच्या बेड्या काढल्या. वहिनी रडत पुढं आली, दिराचा हात धरायला. त्यानं हात मागं घेतला.

"वहिनी, तुम्ही एकदा मला विचारायचं तरी होतंत."