थैलीला आठवण नसते

"ताई, खेळात नाव 'थोरली' ठेव. रोज शंभर मारायचे. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि मोजत जा. तुला मोजता येतं."

उशीला टेकून, दोन शब्दांच्या मध्ये दम घेत धाकट्याने हे सांगितलं होतं. थोरलीला नवल वाटलं ते नावाचं. जन्मात त्याने तिला कधी थोरली म्हटलं नव्हतं, तो ताईच म्हणायचा. थोरली म्हणायची ती आई, आणि तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. पण आजारी माणसाच्या बोलण्याला फाटे कुठे फोडायचे? ती "बरं" म्हणाली.

"आणि निळा कंदील मिळाला तर तो कासवाला द्यायचा. मी कबूल केलंय."

"देईन."

"शब्द?"

"शब्द."

दोन दिवसांनी, एकवीस तारखेला, तो गेला.

पंधरा दिवसांनंतर थोरलीने त्याच्या खोलीचं दार उघडलं, संगणकावरची धूळ पुसली आणि नेम धरला. पहाटे अंघोळ, दिवा, घटकाभर हात जोडून बसणं, आणि मग शंभर. साडेसातला कारखान्याची गाडी यायची. ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. पट्ट्यावरून येणाऱ्या दर लॉटमधल्या शंभर बाटल्या उचलायच्या, दिव्यासमोर धरायच्या, बुडबुडा, चीर, वाकडं तोंड असलेल्या मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. सव्वीस वर्षं हेच. त्यामुळे 'मोजत जा' यात तिला अवघड असं काही नव्हतं.

खेळ धाकट्याने आधीच समजावून ठेवला होता. एका लाकडी पुलाखाली दलदल, दलदलीत चिखलाची ओबडधोबड भुतं. तो त्यांना चिखल्ये म्हणायचा. चिखल्या पडला की मागे एक थैली राहते. थैलीत कधी नाणं, कधी गंजका सुरा, कधी नुसतीच हवा. आणि चाळीस हजारांतल्या एका थैलीत निळा कंदील.

"म्हणजे चाळीस हजार मारले की मिळतोच?" तिने विचारलं होतं.

"छे! चाळीस हजार मारूनही शंभरातल्या सदतीस जणांच्या हाती काही लागत नाही. थैलीला आठवण नसते, ताई. तू किती दिवस खपतेयस ते तिला ठाऊकच नसतं. प्रत्येक थैली पहिलीच."

हे तिला पटलं होतं. बाटलीलाही आठवण नसते.

आणखी एक नियम त्याने बोटं मोजून सांगितला होता. खेळ माणसं मोजतो. एकटी असशील तर शंभरात साठेक थैल्या रिकाम्या निघतील. दोघं जवळजवळ उभे असतील तर छत्तीसेक. तिघं असतील तर बावीसेक. जितकी माणसं, तितकी रिकामी कमी. वस्तू मात्र एकाचीच. तिच्याखाली ज्याचं नाव उमटेल त्यानेच उचलायची, बाकीच्यांनी बघायची.

"आणि जवळचा मेलेला असला तर?"

"मेलेला गणतीत नाही. खेळाला जिवंतच कळतात."

मधली बहीण आली की कपाळावर हात मारून घ्यायची. "पन्नाशी आली गं तुझी! बायका गुडघ्यांना तेल चोळतात, तू भुतं मारतेस. आणि वर त्याचा हिशेब ठेवतेस. धाकट्याचं वेड ठीक होतं, तो धाकटाच राहिला. तुला काय झालं?"

"नेम आहे," थोरली हळूच म्हणायची. तिचा आवाज कधी चढत नसे, म्हणून मधलीचा आणखी चढायचा.

कासव कोण, कुठलं, हे थोरलीला ठाऊक नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे संदेश यायचे, त्यावरून एवढंच कळलं होतं की ती कुणी निवृत्त शिक्षिका आहे, डोळे अधू झालेत, आणि खेळातल्या अंधाऱ्या बोगद्याशी येऊन ती दरवेळी अडते. पलीकडचं गाव तिने एकदाही पाहिलेलं नव्हतं. कंदील हवा होता तो त्यासाठी. "घाई नाही गं बाई," ती लिहायची. "कासवाला कसली घाई?"

दहा महिने रिकाम्या थैल्यांचे आकडे शहाण्यासारखे वागले. एकोणसाठ, चौसष्ट, छप्पन्न, साठ. चार-पाच इकडे, चार-पाच तिकडे. चांगल्या यंत्राचे आकडे असेच हलतात.

नऊ तारखेला रिकाम्या थैल्या निघाल्या चौतीस.

थोरलीने आधी स्वतःवर संशय घेतला. तपासनीसाने आधी तेच करायचं असतं. रेघा पुन्हा मोजल्या. पाच-पाचांचे सहा जुडगे आणि वर चार. चौतीसच. दहा तारखेला एकोणचाळीस. अकराला छत्तीस. असं आपोआप होत नाही. कारखान्यात असं झालं असतं तर तिने पट्टा थांबवून विचारलं असतं, साचा कुणी बदलला?

तिने कासवाला विचारलं.

"काही बदललेलं नाही," उत्तर आलं. "मी आजच एकटीने शंभर मारले. एकसष्ट रिकाम्या. तू कुणाबरोबर खेळतेस?"

"एकटी."

कोपऱ्यात ओळ उमटली, "मग तुझ्याशेजारी कुणीतरी उभं आहे गं. खेळ खोटं मोजत नाही." आणि त्यापुढे एक हसरा चेहरा.

थोरलीला हसू आलं नाही. पूल रिकामा होता. दलदलीवर धुकं, दोन वठलेली झाडं, मध्ये तिची ती छोटी बाई हातात भाला घेऊन उभी. खोलीतही कुणी नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर धाकट्याचा राखाडी स्वेटर तसाच होता.

"आहेस का रे?" तिने हळूच विचारलं.

पडद्यावरचं धुकं सरकत राहिलं. तिने पुन्हा हात जोडले आणि कारखान्याला गेली. त्या दिवशी तिच्या हातून तीन चिरलेल्या बाटल्या सुटल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मधली एक खोकं घेऊन आली. धाकट्याची पुस्तकं, कागद तिने तेव्हा आपल्याकडे नेले होते.

"घे बाई. माझ्याकडे जागा नाही. यात त्याची एक वही आहे, नुसते आकडे. एका माळेचे मणी तुम्ही दोघं!"

वही पातळ होती. इस्पितळातून घरी आल्यावर त्याने सुरू केलेली. पहिल्या पानावर त्याचं तिरकं अक्षर होतं: 'एकटाच खेळतोय, तरी रिकाम्या कमी. मोजून बघू.' खाली तारीख आणि आकडा. नऊ, चौतीस. दहा, एकोणचाळीस. अकरा, छत्तीस.

थोरलीने आपली वही शेजारी ठेवली.

नऊ, चौतीस. दहा, एकोणचाळीस. अकरा, छत्तीस.

तिचं बोट खाली सरकत गेलं. तेवीस ओळी. बरोबर एका वर्षाच्या अंतराने तेवीस आकडे, एकाचाही फरक नाही.

"काय गं?" मधली म्हणाली. "पांढरीफटक पडलीस!"

"काही नाही. पाणी दे जरा."

सांगायचं काय? बाटल्यांच्या दोन लॉटमध्ये तेवीस वेळा तोच आकडा आला असं कुणी तिला सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलंय. पण इथे आधी कुणी लिहिलं आणि नंतर कुणी उतरवलं?

पुढच्या ओळी तिने वाचल्या नाहीत. एक जाड पुठ्ठा कापला आणि त्यांच्यावर ठेवला. रोज पहाटे आधी शंभर मारायचे, आपला आकडा शाईने लिहायचा, आणि मगच पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचा.

दोन तारीख, सदतीस. पुठ्ठ्याखाली सदतीस.

तीन तारीख, तेहतीस. पुठ्ठ्याखाली तेहतीस.

सात तारखेला तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. नेम मोडला. नव्याण्णव मारले आणि हात काढून घेतला. पुलाखाली शंभरावा चिखल्या तिच्याकडे तोंड करून डुलत राहिला. तिने आकडा लिहिला, पस्तीस. मग पुठ्ठा सरकवला.

'७. पस्तीस. नव्याण्णववर हात थांबला. का ते कळेना.'

ती उठली. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. बाहेर लख्ख सकाळ होती. दूधवाल्याची सायकल वाजली, शेजारच्या बाईंनी गॅलरीत चादर झटकली. सगळं जिथल्या तिथे होतं. बादली भरून वाहायला लागली तेव्हा तिला कळलं की आपण हुंदके देतोय, आणि ते भीतीने की आणखी कशाने हे मात्र तिला कळलं नाही.

त्यानंतर तिने नेम मोडला नाही. शंभर मारताना ती आता त्याच्याशी बोलायची. कारखान्यात नवीन भट्टी आलीय. मधलीचे दात दुखतायत, त्यामुळे जरा शांतता आहे. उत्तर कधी आलं नाही, पण आकडा यायचा. अडतीस. छत्तीस. चौतीस. दोघांचा आकडा. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच तिला जेवण गोड लागत होतं. मनात एकच धास्ती होती. पुठ्ठ्याखाली वही संपत आली होती.

एकोणीस तारीख उजाडली.

दिवा लावला. हात जोडले. बसली.

पहिल्या दहांत रिकाम्या दोनच. वीस झाले, रिकाम्या चार.

पन्नासला अकरा.

तिने रेघा पुन्हा मोजल्या. अकराच.

ऐंशीला अठरा.

नव्याण्णव झाले. बावीस.

शंभरावा चिखल्या पडला. थैली उघडली आणि दलदलीवर निळा उजेड पसरला.

कंदील होता. खाली नाव उमटलं होतं. थोरली.

तिने तो उचलला. मग वहीत बावीस लिहिलं, आणि पुठ्ठा खाली सरकवला.

'१९. बावीस. शंभराव्याला कंदील पडला! खाली नाव थोरली. अशी इथे कुणीच नाही. मला उचलता आला नाही. ताईला आजच सांगायला हवं.'

त्याखाली पान कोरं होतं. वीसची ओळ नव्हती. एकवीसची नव्हती.

थोरली कितीतरी वेळ त्या बावीसकडे बघत राहिली. दोघांचे छत्तीस. बावीस म्हणजे तिघं.

एक तो. एक मी.

फोन वाजला. मधली होती. मधली आठच्या आधी उठल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"ताई, हसणार नाहीस ना?"

"नाही."

"तो धाकट्याचा खेळ. मला शिकवशील? काय झालंय कळत नाही बघ, उठल्यापासून डोक्यातून जातच नाही. अगं, नावसुद्धा सुचलंय. मधली. कुणी घेतलं नसेल ना?"

थोरलीने वहीतल्या बावीसवर बोट ठेवलं.

"नाही. अजून कुणी घेतलेलं नाही."

"मग येऊ का परवा? तसंही परवा वर्ष होतंय त्याला. जमूच."

"परवा नको," थोरली म्हणाली. "उद्या ये. उद्याच ये, म्हणजे मला सगळं नीट सांगता येईल."

"एवढी कसली घाई?"

"काही नाही गं. रोज शंभर असतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि मोजायला लागतात."

"अगं बाई! मला कुठे मोजता येतं तुमच्यासारखं?"

"येईल," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

कारखान्याची गाडी खाली भोंगा वाजवून निघून गेली. तिने ती जाऊ दिली. वहीचं नवं पान काढलं, पट्टी घेतली आणि तीन रकाने आखले. पहिल्यावर 'धाकटा' लिहिलं, दुसऱ्यावर 'थोरली'. तिसऱ्याचं डोकं कोरं ठेवलं. वही मिटून, दिसेल अशी, त्याच्या स्वेटरवर ठेवली.

मग कासवाला निरोप लिहिला. 'बोगद्याशी थांबा. कंदील घेऊन येतेय.'

'आत्ता? अगं, उद्या-परवा ये सावकाश. कासवाला कसली घाई?'

'शब्द दिलाय,' तिने लिहिलं, आणि कंदील पेटवला.

ती छोटी बाई पुलावर चढली. निळा उजेड फळ्यांवर पडला. पुढे वाट रिकामी होती, मागे तिने पाहिलं नाही. फळ्यांवर पावलं वाजू लागली, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने थोरलीने ती मोजली.

तीन जोड्या.

ती चालत राहिली.