बेदाण्याची चावण

"चिवट. नापास."

आदगोंडा मगदुमांनी तोंडातला बेदाणा बशीत टाकला आणि पेटीवर लाल शिक्का हाणला. सकाळपासूनची ही एकतिसावी पेटी, आणि नापास झालेलीही एकतिसावीच.

टेबलापलीकडे बसलेल्या प्रज्ञा शिरगुप्पेने चर्वणमापकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर हिरवी खूण होती. "यंत्र पास म्हणतंय."

"यंत्राला म्हणावं, खाऊन दाव."

कृष्णाकाठ बेदाणा परीक्षणशाळेत ही दोघं दोन वर्षं एकाच टेबलाशी बसत होती आणि एकदाही एकमेकांशी धड बोलली नव्हती. बेदाण्याचा रंग, गोडी, ओलावा हे सगळं यंत्रं कधीच मोजू लागली होती. चावण मात्र तोंडालाच कळायची. साल दाताखाली किंचित अडली पाहिजे, मग फुटली पाहिजे, आणि गर दाताला चिकटता कामा नये. किंचित म्हणजे किती, याला एकक नव्हतं. तीस वर्षं आदगोंडाअण्णा हेच एकक होते. माणूस आणि यंत्र यांच्यात मतभेद झाला तर माणसाचा शब्द अखेरचा, असा शाळेचा नियम होता आणि त्या नियमावर अण्णा राजासारखे बसले होते. प्रज्ञाने चर्वणमापक घडवला तो त्यांना त्या गादीवरून उठवण्यासाठीच, अशी त्यांची पक्की खात्री होती. ती खरीही होती.

आठ महिन्यांपूर्वी अण्णांचे उरलेसुरले सगळे दात काढावे लागले. सांगलीच्या डॉ. रेवती हुद्दारांनी वरच्या जबड्यात चार आणि खालच्या जबड्यात चार खुंट्या हाडात घट्ट बसवल्या आणि त्यांवर चोवीस दात कायमचे जोडले. रात्री पेल्यात काढून ठेवायची कटकट नव्हती. तीन महिन्यांनी अण्णा कामावर परतले ते नवा करकरीत जबडा घेऊन, आणि त्या दिवसापासून त्यांना कुठलाच बेदाणा पसंत पडेना. बागायतदार आधी घाबरले, मग शहाणे झाले. बेदाण्याला वाफ द्यायची, तेलाचा हात फिरवायचा, की अण्णा पास करतात, हे त्यांनी हेरलं. तसे मऊ केलेले बेदाणे शीतगृहात आंबले. आता शाळेने डॉक्टरीणबाईंनाच बोलावलं होतं. दात चुकीचे ठरले तर आज शिक्का यंत्राकडे जाणार होता आणि अण्णा घरी.

डॉ. हुद्दारांनी अण्णांच्या जबड्याला एक चपटी पट्टी लावली, त्यांना शिळी भाकरी, खोबरं आणि बेदाणा असं एकेक चावायला लावलं आणि आकडे पाहिले. मग तेच आकडे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

"बोला की," प्रज्ञा म्हणाली. "दात खोटे आहेत म्हणून सांगून टाका."

"दात उत्तम आहेत. ऐका. नैसर्गिक दात हाडात रुतलेला नसतो. बारीक तंतूंवर टांगलेला असतो, आणि चावलेलं किती कठीण आहे ते त्या तंतूंना कळतं. आमची खुंटी हाडाशी एकजीव होते. तिथे तंतू नाहीत, म्हणजे दात मजबूत पण बधिर. म्हणून खुंटी आणि दात यांच्यामध्ये मी स्पर्शपटल बसवते. ते दाब ओळखतं आणि जबड्याच्या नसेला कळवतं."

"मंग झालं तर," अण्णा म्हणाले.

"पण त्या पटलाला जन्मतः मोजपट्टी नसते. पहिल्या नव्वद दिवसांत तुम्ही जे चावाल त्यातलं सर्वांत मऊ ते शून्य आणि सर्वांत कठीण ते शंभर, असं ते शिकतं. मग मोजपट्टी कायम होते." त्या थांबल्या. "आणि त्या नव्वद दिवसांत खुंट्या हाडात जुळाव्यात म्हणून मीच तुम्हाला काय खायला सांगितलं होतं?"

"मऊ भात. खिमट. दुधात भिजवलेली भाकरी."

"तुमच्या शंभरावर भिजवलेली भाकरी बसली आहे, अण्णा. त्याच्या पलीकडचं सगळं तुम्हाला चिवटच लागणार. एरवी रोग्याचं यात काही बिघडत नाही, जेवण जरा टणक लागतं इतकंच. तुमचं कामच चावण्याचं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी."

प्रज्ञा हसली. त्या हसण्यात दया नव्हती. "म्हणजे पाच महिने हे गृहस्थ लोकांचा माल खिमटाच्या मापाने मोजत होते!"

अण्णांचं तोंड कडू झालं. या पोरीच्या देखत आपली अब्रू गेली याचा त्यांना इतका संताप आला, की टेबल उलथून टाकावंसं वाटलं. "दुरुस्त व्हतंय का न्हाई तेवढं सांगा."

"होतं. एकदाच. मोजपट्टी पुसून नव्वद दिवस पुन्हा शिकवायचं. मात्र प्रत्येक घासाला खरं उत्तर काय ते पटलाला कुणीतरी सांगायला हवं. ते सांगू शकेल असं इथं एकच आहे." डॉक्टरीणबाईंनी चर्वणमापकाकडे बोट केलं.

"त्या डबड्याच्या ताटाखालचं मांजर व्हऊ मी? मरंन त्यापेक्षा!"

प्रज्ञाने ओठ आवळले. पुढचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं, पण खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "यंत्राची मोजपट्टी तुमचीच आहे. यंत्र बेदाण्याचा आकार टिपतं, धातूच्या दातांत तो दाबतं आणि साल किती दाबाला फुटली ते बघतं. त्यातलं चांगलं कुठलं, हे त्याला कुणी शिकवायचं? तुमचे दात निघण्याआधीच्या सहा हंगामांचे अकरा हजार निवाडे घातले मी त्यात. तुमच्याशिवाय दुसरं मापच नव्हतं."

ज्या यंत्राला दोन वर्षं शिव्या घातल्या, त्यात आपलेच जुने दात बसले आहेत! शत्रूच्या घरात आपलीच तसबीर टांगलेली दिसावी तसं अण्णांना झालं. छाती फुगली.

"सहा हंगाम?" डॉ. हुद्दार म्हणाल्या. "पण तेव्हा तर तुमच्या..." आणि त्यांनी तोंड मिटलं. रोग्याचं गुपित रोग्याचंच असतं. त्यांनी फक्त अण्णांकडे पाहिलं.

अण्णांची छाती बसली. आठ वर्षांपूर्वीच त्यांच्या हिरड्या सडल्या होत्या आणि दाढा डुगडुगत होत्या. बेदाणा चावला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून चावणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. बेदाणा गालात धरायचा, मान डोलवायची आणि अंदाजाने सांगायचं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नुसता अंदाज असता तरी चाललं असतं. पण त्याच वर्षी पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत, चुलतभाऊ भूपाल ओरडला होता, "अण्णाच्या पानात शिराच वाढा रं, त्येला लाडू फुटायचा न्हाई!" सगळी पंगत हसली. भूपालची बाग डोंगराकडची, त्याच वर्षी पहिल्यांदा फळाला आलेली. तिकडचा बेदाणा लांब आणि बारीक, पेटीवर नाव नसलं तरी लांबूनच ओळखू यायचा. त्यानंतर डोंगराकडची एकही पेटी अण्णांनी पास केली नाही. भूपालबरोबर डोंगराकडचे सगळे बागायतदार भाऊबंद भरडले गेले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा ते स्वतः होते.

गप्प बसलं तर सगळं जागच्या जागी बसणार होतं. दात यंत्राकडून शिकतील, यंत्र दातांची साक्ष देईल, आणि दोघांचं एकमत झाल्यावर जगात कुणी तिसरा विचारायला येणार नाही.

"सही करा," प्रज्ञाने दात पुन्हा शिकवण्याच्या संमतीचा कागद पुढे सरकवला. "इथून पुढे निदान निवाडे निःपक्षपाती तरी होतील. यंत्राला भाऊबंद नसतात."

"हायेत," अण्णा म्हणाले. "माझे हायेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाली मान घालून नाही, तर भांडल्यासारखं, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, शिव्यांसकट. प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडत गेला. दोन वर्षं तिचं यंत्र डोंगराकडचा माल नापास करत होतं आणि ती त्याला विज्ञान समजत होती.

"हे यंत्रातून खरवडून काढता येणार नाही," ती तुटकपणे म्हणाली. "लांब, बारीक म्हणजे वाईट, हे त्याच्या मुळातच गेलंय."

"मंग पुन्ना शिकवा. माझे दात पुसा, तुमचं यंत्र पुसा. डाक्टरीणबाई, तुमचे दात देवाचे हायेत, तुमी चावून खरं सांगा. डोंगराकडच्या पेट्या मागवा, नव्वद दिवस मी त्येच खातो. भूपालच्या पाया पडाय लागलं तरी पडतो."

प्रज्ञाने पडद्यावर आवकेची नोंद काढली. आठ वर्षांपूर्वी डोंगराकडून आठशे पेट्या होत्या, चार वर्षांपूर्वी दोनशे, गेल्या वर्षी चाळीस. यंदाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

"एकच बेदाणा पुरे," डॉ. हुद्दार हलकेच म्हणाल्या. "कुणाकडे तरी घरात असेल."

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "भूपाल मगदूम गेल्या चैत्रात इथं आले होते. फेरतपासणी मागायला. मी यंत्राचा कागद दाखवून परत पाठवलं. डोंगराकडची शेवटची बाग त्यांचीच उरली होती. आठ दिवसांत वेली मुळासकट उपटल्या त्यांनी."

अण्णांनी जबडा घट्ट मिटला. चोवीसच्या चोवीस दात एकमेकांवर नीट बसले. भूपालचा बेदाणा कसा लागायचा हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि मग लक्षात आलं की तो त्यांनी कधी चावलाच नव्हता.