चावून ठेवलेला घास

अजिंठा-वेरूळ पाहून गाडी परत निघाली होती. गाडी कसली, चाकांवरचं लहानसं घरच ते. मागं झोपायच्या फळ्या, मधे ओटा आणि ओट्यात बसवलेलं स्टीलचं बेसिन. दिवाळीच्या सुट्टीत बायको, लेक आणि वडिलांना फिरवायला धर्मेंद्रनं ती अमरावतीहून भाड्यानं आणली होती आणि आज संध्याकाळी परत द्यायची होती. अकोल्याच्या अलीकडे चहाला थांबल्यावर त्याची बायको मैना भांडी आवरायला उठली, आणि बेसिनमध्ये तिला पुन्हा तो घास दिसला.

प्रवासभर रोज दिसत होता. कधी पोळीचा, कधी भाताचा. पार लगदा होईस्तोवर चावलेला, लाळेनं चकचकीत. थुंकलेला नव्हे, काठाशी नीट गोळा करून ठेवलेला. मैना श्वास रोखून कागदानं तो उचलायची, तरी किडक्या दातांचा, आंबलेल्या लाळेचा वास बोटांना चिकटून राहायचा. गाडीत कवळी होती ती एकट्या सासऱ्यांना. दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांचं ताट आणि पेला गुपचूप वेगळा केला होता.

आज मात्र तिला राहवलं नाही. "मामाजी, चावता येत नसन त सांगा. मऊ भात करून देईन. पन हे असं बेसिनात..."

सासरे मोतीराम पोस्टातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी बेसिनकडे पाहिलं. "मी नाई केलं, मैना."

"मंग कोनं केलं?"

त्यांनी आपला वेगळा ठेवलेला पेला उचलला. मग हळूच म्हणाले, "माह्या बापाचा पेला गावानं वेगळा ठेवला होता. घरच्यानं ठेवलेला आता पाहून राहिलो."

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांची मुलगी जमुना राहायची. तिच्या दारात ते पिशवी घेऊन उतरले आणि मागं न पाहता आत गेले. जमुनानं वाटेसाठी धपाट्यांचा डबा फडक्यात बांधून दिला. धर्मेंद्रनं तो मागं ओट्यावर नेऊन ठेवला आणि बायकोकडे पाठ करून स्टिअरिंगवर बसला. निघण्याआधी मैनानं बेसिन घासलं, कोरडं पुसलं. आता तरी सुटलो, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

मूर्तिजापूर मागं पडल्यावर कडुलिंबाखाली जेवायला थांबले. सहा वर्षांची पिंकी मागं फळीवर एकटीच खेळत होती. मैना डबा घ्यायला मागं गेली, आणि तिथंच थिजली.

बेसिनमध्ये घास होता. हिरवट, मेथीच्या धपाट्याचा. डब्याच्या फडक्याची गाठ जशीच्या तशी. तिनं नखानं सोडली, झाकण काढलं. वरच्या धपाट्याचा एक कोपरा तोडलेला होता.

तिनं नकळत घासाला बोट लावलं. कोमट होता... तोंडातून आत्ताच काढल्यासारखा.

"पिंकी, हे तू केलं?"

"नाई. मावशीनं."

"कोन मावशी?"

"इथं बसते ती. माहे दात पडले ना, म्हनून चावून देते." पिंकीनं पुढच्या हिरड्या दाखवल्या. "मले नको असलं की तिथं ठेवते."

मैनानं तिचे खांदे धरले. "आनि... तू खाते?"

"हाव. मऊ लागते."

सारा प्रवास पोरीनं ताट सरकवून दिलं होतं, आणि तरी तिचे गाल भरले होते. मैनानं तिला जवळ ओढलं. पिंकीच्या तोंडाला तोच वास येत होता. मैना दारातून खाली उतरली आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी भडाभडा ओकली.

धर्मेंद्रनं सगळ्या गाद्या उलटल्या. धुळीशिवाय काही मिळालं नाही. पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसून, काचा उघड्या टाकून ते अमरावतीला आले. राजापेठेत गाडी मालकाच्या स्वाधीन केली आणि ऑटोनं घरी गेले.

घरी मैनानं पिंकीला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर तिचे दात घासले. मग अकोल्याला फोन लावला.

"मामाजी, माहं चुकलं. आमी उद्या घ्यायले येतो तुमाले."

पलीकडून मोतीराम म्हणाले, "पोरगी जेवली का?"

"वाढून राहिले आता."

"माह्याच ताटात वाढ तिले," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मैनाला हुंदका आला.

तिनं ते ताट पिंकीपुढं ठेवलं आणि भाताचं पातेलं आणायला वळली. परत येते तर पिंकीनं मान उजवीकडे फिरवली होती. तिथं कोणीच बसलं नव्हतं. तिनं डोळे मिटून तोंड उघडलं, पिलू उघडतं तसं.

ताट अजून रिकामंच होतं.

पिंकीचा गाल हळूहळू फुगला. गळा हलला. तिनं ओठ पुसले आणि पुन्हा तोंड उघडलं.