उलटा पीळ

टकळी नलूच्या हातून सुटली ती पांढरकवड्याच्या मोटार स्टँडवर घरंगळत थेट एका अनोळखी चपलेपाशी थांबली. चपलेच्या मालकानं ती उचलली, तुटलेला धागा पाहिला आणि हसू दाबलं.

"हसून घ्या," नलू म्हणाली, "मंग शिकवा. येते वाटते तुमाले!"

येत होतं. हा उकंडा, झरीकडच्या शाळेतला मास्तर; पोरांना सूतकताई शिकवायचा. नाव उकिरड्यावरून ठेवलेलं असलं, तरी डोळे मोठे देखणे होते.

नलू शिवणाच्या वर्गाला यायची आणि बाबांची कापसाची बैलबंडी सरकी काढायच्या जिनातून सुटेपर्यंत स्टँडवर बसायची. बालवाडीत बाईंची जागा निघाली होती. शुक्रवारी निवड करणारे साहेब टकळीवर सूत काढायला लावणार होते. जमलं तर नोकरी; नाही तर बोरी अरब गावच्या पाहुण्यांना लग्नाचा होकार, असं बाबांशी ठरलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. नलूला तो नको होता, बस्स.

झरीची गाडी रोज उशिरा यायची. तेवढ्यात शिकवणी. परक्या मुलीजवळ चारचौघांत बसायचं कसं, म्हणून मास्तर समोरच्या बाकावर बसे. बंड्यांतून उडालेला कापूस त्याच्या केसांत अडकायचा आणि नलूला तो काढावासा वाटायचा... तो धागा सुरू करून टकळी तिच्या हाती द्यायचा. बोटाला बोट लागायचं. दोघंही काहीच झालं नाही असं दाखवायचे. मग तिनं गिरकी दिली रे दिली की धागा उकलून तुटायचा.

"तुमचं सूत माह्या हाती टिकतच नाई, मास्तर."

"टिकन... जरा दमानं घ्या न."

गुरुवार उजाडला तरी तेच. नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरानं तिच्या हातांकडे टक लावून पाहिलं.

"तुमी डावखुऱ्या आहात न?"

"कोण म्हणलं? मी उजव्या हातानं जेवते!"

"मंग टकळी डाव्या हातानं काहून फिरवता?"

"तुमचा हात ज्या बाजूले दिसते, त्याच बाजूनं फिरवून राह्यली मी!"

मास्तरानं कपाळावर हात मारला. आरशात पाहावं तसं ती शिकली होती. तिचा पीळ उलटा पडत होता, म्हणून त्याचा धागा उकलत होता.

"समोर बसूनच चुकलं," तो अडखळला, "शेजारी बसा लागन... पण लोक—"

नलू बाकावर सरकली. "बसा."

तो बसला. तिनं उजव्या हातानं गिरकी दिली. धागा निघाला, लांबला, तुटला नाही! त्या आनंदात तिनं त्याच्या केसांतला कापूस काढलाच.

"सूत जमलं वाटते," मागून बाबा म्हणाले. बंडी केव्हाच आली होती.

मास्तर ताडकन उभा राहिला. नलू मात्र जागची हलली नाही.

"जमलं, बाबा. बोरी अरबले नाई म्हणून कळवा."

"उद्याचा निकाल तर लागू दे."

"नोकरी लागो का नको लागो. नाईच म्हणा."

बाबांनी मास्तराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मास्तराची नजर खाली गेली नाही.

"मी उकंडा. झरीकडं मास्तर हाव. उद्या... उद्या तुमच्या घरी येतो, तिले मागाले."

"उद्या कायले? उद्या तिची परीक्षा हाय," बाबा बैलांकडे वळत म्हणाले. "परवा या. जेवालेच या."