फणसळकरांच्या गादीवर कोण?

श्यामला लिमयेंनी तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला, तोच दारातून हाक आली.

"श्यामलाताई, हे घरात नाहीत! कुठेच नाहीत!"

गोविंदबुवा फणसळकरांच्या पत्नी द्वारकावहिनी अनवाणी धावत आल्या होत्या. देवापुढं पळी धरून उभा असलेला बुवांचा पुतण्या श्यामसुंदर दचकला.

"काका नाहीत म्हणजे? सहाला कीर्तन आहे!"

बाहेर पारावर बसलेल्या दोघातिघांनी माना वळवल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर काळजी नव्हती, उत्सुकता होती.

त्याला कारण होतं. कसबा पेठेतल्या या कीर्तनघराची अट सगळ्या पेठेला पाठ होती. फणसळकरांच्या घरातला माणूस रोज गादीवर उभा राहील, तोवर वास्तू कीर्तनाची. एक दिवस खंड पडला, की विश्वस्तांनी वाटेल ते करावं. विश्वस्तांना काय वाटतं, ते समोरच्या फलकावर आधीच रंगवून झालं होतं. चौदा मजले, दोन लिफ्ट, देवाला गच्चीवर जागा! शेजारची तालीम गेली होती, कोपऱ्यावरचं नाटकगृह गेलं होतं. तिथे आता काचा होत्या आणि काचांच्या आत संगणकापुढं बसलेली माणसं. पेठेला घाई झाली होती. रोज कीर्तनाला येणाऱ्या श्यामलाबाईंकडे लोक वाटेतल्या धोंड्याकडे बघावं तसे बघत.

घराण्यात आता दोनच गाणारे गळे उरले होते. एक बुवांचा, दुसरा विश्वस्तांत नाव असलेल्या श्यामसुंदरचा. बुवा आजारी पडले की तो उभा राही. आख्यानातली पात्रं आवाज बदलून रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

अर्ध्या तासात चौकीवरून फौजदार आम्रपाली ओव्हाळ आल्या.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"सकाळी. मी बहिणीकडे धायरीला गेले होते," द्वारकावहिनी म्हणाल्या. "चारला आले तर हे असं. मोबाइल ते बाळगत नाहीत, चिठ्ठीही ठेवलेली नाही."

कीर्तनघरामागच्या दोन खोल्यांत सगळं जिथल्या तिथं होतं. पगडी खुंटीवर, अंगरखा घडी घातलेला, चिपळ्या कोनाड्यात. ताट वाढून झाकलेलं, शीतही न मोडलेलं. मागच्या अंगणात सावलीतल्या दोरीवर धोतर आणि उपरणं, दोन्हींच्या कडांतून अजून पाणी ठिबकत होतं.

श्यामलाबाई धोतरापाशी थांबल्या.

"वहिनी, बुवांची अंघोळ पहाटेच होते ना?"

"पहाटेच. मी निघाले तेव्हा दोरी रिकामी होती."

"उकडलं असेल," श्यामसुंदर म्हणाला.

फाटकात मोजमापाची फीत घेऊन एक तरुण उभा होता. बिल्डरचा इंजिनिअर, आमोद. श्यामलाबाई थेट त्याच्यावर चालून गेल्या.

"बुवा कुठे आहेत?"

"काकू, प्लीज! आम्ही किडनॅपिंग नाही करत, रिडेव्हलपमेंट करतो."

"फरक काय तो एकदा समजावून सांग बाबा."

"तुमच्यासारख्यांमुळे प्रोजेक्ट दोन वर्षं स्टक आहे. राग मला यायला हवा."

"येऊ दे की. फीत मात्र बाहेर धर."

आम्रपालीबाई हसल्या नाहीत. त्या दाराशी हार विकणाऱ्या सुंदराबाईंना विचारत होत्या.

"बुवांना जाताना पाहिलंत?"

"पाहिलं की. दुपारी गेले, तोंड पाडून. रोजच्यासारखा हार पुढं केला, तर दोन पावलं मागं सरले. म्हणाले, 'शिवू नका बाई.'" सुंदराबाईंनी तो हार टोपलीतून काढून दाखवला. "इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते हो."

आम्रपालीबाईंचा चेहरा एकदम कठोर झाला.

"हा शब्द आमच्या आजीनं पुष्कळ ऐकला होता," त्या श्यामलाबाईंकडे वळून थंडपणे म्हणाल्या. "तुमचे बुवा फार सात्त्विक आहेत असं कळलं होतं मला."

श्यामलाबाई सुंदराबाईंजवळ गेल्या. मग त्यांनी विचारलं, "सुंदराबाई, नीट आठवा. 'शिवू नका' म्हणाले, की 'मला शिवू नका'?"

"'मला.' 'मला शिवू नका, हार विटाळेल.'"

"फौजदारबाई, तुमचा राग खोटा नाही. त्या शब्दानं फार पाप केलंय. पण आज बुवांनी तो सुंदराबाईंना उद्देशून वापरला नाही. विटाळ त्यांना स्वतःचा वाटत होता."

"कशाचा?"

"सुतकाचा. घराण्यातला कुणी गेल्याची बातमी कानावर आली, की अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करायची. म्हणून धोतर ओलं, म्हणून ताट तसंच. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, गादीवर उभं राहायचं नाही. म्हणून पगडी इथं आणि बुवा गावाला."

द्वारकावहिनी पुढं झाल्या. "कोण गेलं?"

श्यामसुंदरनं मान खाली घातली. "बाळअण्णा. काकांचे चुलतभाऊ, गुहागरचे. सकाळी मलाही फोन आला होता. काकू एकट्या, हृदय नाजूक, म्हणून बोललो नाही."

"म्हणजे तुलाही सुतक?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"हो ना. आमचा वंश एकच. मलाही दहा दिवस. आज उभं कोण राहणार, तेच कळत नाहीये."

पारावरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "चला, सुटलो एकदाचे!"

"फोन सकाळी आला. नक्की?"

"अंघोळीआधीच."

"मग मघाशी मला तीर्थ कुणी दिलं रे, श्यामसुंदर?"

त्याचा हात कपाळावरच्या गंधाकडे गेला.

"चार वाजता तू देवापुढं उभा होतास. गंध लावलेलं, पळी हातात. तू लहानपणापासून रोज देवाला शिवतोस. खरं सुतक असतं, तर पायरीशीच तुझे पाय अडले असते. पण सुतक नाही हे तुझ्या मनाला ठाऊक होतं. हात आपल्या सवयीनं देवाकडे गेले."

"ताई, तुम्ही काहीही..."

"बुवांना फोन करणारा बिल्डरचा माणूस नव्हे. त्यानं बुवांना कोंडलं असतं, धमकावलं असतं. एका मरणाच्या बातमीनं बुवांचे पाय स्वतःहून गादीवरून उतरतील, हे फक्त घरातल्यालाच सुचतं. आणि मरणारा कोण निवडायचा तेही. मामा चालला नसता, मेहुणा चालला नसता. ज्याचं सुतक काका-पुतण्या दोघांनाही लागेल, असा भाऊबंदच हवा होता. आवाज बदलणं तर तुझ्या पोटापाण्याची कलाच."

"तिथला फोन बंद आहे," श्यामसुंदर घाईनं म्हणाला. "खांब पडलाय."

"मी कुठं म्हटलं फोन लावते?" आम्रपालीबाई म्हणाल्या आणि द्वारकावहिनींकडून नंबर घेऊन त्यांनी लावला.

पलीकडून इतका खणखणीत आवाज आला, की अंगणभर ऐकू गेला.

"बाळ फणसळकर बोलतोय! कोण ते? पोलीस? कुणी मेलंबिलं की काय?"

"नाही अण्णा," त्या म्हणाल्या. "आपण बरे आहात ना, एवढंच विचारायचं होतं. गोविंदबुवा तिकडे येताहेत, त्यांना जेवू घाला."

श्यामसुंदरचा घाम गालावरून ओघळला. "विश्वस्त म्हणून मला अकराव्या मजल्यावर घर मिळणार होतं," तो पुटपुटला. मग एकाएकी उसळला. "काय चुकलं माझं? वीस माणसं येतात ऐकायला, त्यातली दहा झोपतात! मी जन्मभर त्यांच्यासाठी गळा फोडायचा?"

"चौकीत बोलू," आम्रपालीबाई म्हणाल्या.

"सातनंतर न्या," श्यामलाबाई म्हणाल्या. "बुवा उद्याशिवाय परत येत नाहीत. फणसळकरांच्या घरातला गाणारा माणूस आज हा एकच आहे." त्यांनी कोनाड्यातल्या चिपळ्या उचलून त्याच्यापुढं धरल्या. "कुणी मेलेलं नाही. सुतकातून सुटलास. उभा राहा."

"आज? लोक माझ्याकडे कसे बघतील?"

"डोळे उघडे ठेवून. आज कुणी झोपणार नाही."

सहाला कीर्तनघर गच्च भरलं. पारावरची माणसंही आत येऊन भिंतीला टेकली, हात बांधून, ओठ मिटून. आम्रपालीबाई दाराजवळ बसल्या.

श्यामसुंदरनं पगडी घातली. ती दोनदा सरकली. त्यानं नमनाला सूर लावला आणि पहिलाच स्वर फाटला. भिंतीकडून कुणीतरी खाकरलं.

श्यामलाबाईंनी टाळीनं ठेका धरला. त्याच्यासाठी नाही. खंड पडू नये म्हणून.