फाटकातल्या मुंग्या

"चल ना गं, चल! हे काय नवीनच?"

कॉराने टाच मारली, लगाम सैल सोडला, मानेवर थोपटलं. पण मॅगपाय ढिम्म! जत्रेतल्या रोडिओच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या खेळांच्या, रिंगणाच्या फाटकाशी येऊन ती काळी-पांढरी घोडी खांबासारखी उभी राहिली होती. कान मागे, नाकपुड्या फुगलेल्या. कॉराने पुन्हा टाच मारली. मॅगपायने एक पाऊल पुढे टाकलं मात्र, आणि विंचू चावल्यासारखी ती उसळून मागे वळली!

"आई, सांभाळ!" कुंपणाशी उभी असलेली मार्नी किंचाळली.

कॉरा पडली नाही, पण तिच्या तोंडावरचा रंग उडाला. गेल्याच उन्हाळ्यात घोड्यावरून पडून तिचा पाय मोडला होता. वर्षभर लंगडत, दात-ओठ खात तिने सराव केला होता, तो आजच्या पिंपांच्या शर्यतीसाठी. रिंगणात तीन पिंपं मांडलेली, त्यांना वळसे घालत घोडा वाऱ्यासारखा पळवायचा. अख्ख्या तालुक्यात या शर्यतीत कॉराचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण घोडी रिंगणातच शिरेना, तर शर्यत कसली?

"घोडी बिथरलीय," आजोबा म्हणाले. कॉराचे वडील ते; सगळा जन्म घोड्यांत गेलेला. "एकदा मनात भीती बसली की बसली. कॉरा, माझं ऐक. हिला विकून टाक."

"बाबा, पुरे!" कॉरा खाली उतरली. मॅगपायच्या कपाळाला कपाळ टेकवून ती हळूच म्हणाली, "तुझा माझ्यावरचा विश्वासच उडाला ना गं?"

आणि घोडीला घेऊन ती आपल्या गाडीकडे निघून गेली. तिचे डोळे भरले होते ते मार्नीने पाहिलं. मार्नी बारा वर्षांची होती. आईला रडताना तिने आजवर दोनदाच पाहिलं होतं, आणि पाय मोडला तेव्हा तर ती रडलीही नव्हती.

"मॅगपाय बिथरलेली नाहीये," तिचा धाकटा भाऊ गस म्हणाला. "तिला मुंग्या चावल्या!"

"कसल्या मुंग्या?"

"त्या फाटकात आहेत. मला पण चावल्या. मी मेंढ्या बघायला वर चढलो ना, तेव्हा. हाताला अशा झण्ण झण्ण!"

गस सहा वर्षांचा. दुपारी मेंढीस्वारी होती, आणि मेंढीच्या पाठीवर कसं चिकटून बसायचं याचा सराव म्हणून सकाळपासून तो भेटेल त्याच्या पाठीवर चढत होता. त्याच्या एका बुटाचा तळ फाटून पाऊल चिखलाने बरबटलं होतं.

"चल, दाखव तुझ्या मुंग्या!" टिओ हसत म्हणाला. टिओ मार्नीच्या वर्गातला. त्याच्या बाबांची बरिटोची, म्हणजे सारण भरलेल्या पोळीच्या गुंडाळीची, गाडी जत्रेत दरवर्षी लागायची, त्यामुळे जत्रेचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ.

तिघं फाटकाशी गेली. टिओने वाकून वाकून पाहिलं. मुंगी सोडा, माशीसुद्धा नव्हती!

"गस्या, थापाड्या!"

"थापा नाही! चावल्याच मुळी!"

मार्नीचं मात्र दोघांकडे लक्षच नव्हतं. फाटकाला लागूनच लोखंडी कुंपणाचं घोड्यांचं आवार होतं, आणि आवारात पत्र्याचा मोठा हौद. हौद काठोकाठ भरून वाहत होता. खाली, फाटकापर्यंत चिखलच चिखल. डोक्यावर ऊन नुसतं रणरणत होतं. आणि घोडे? सगळेच्या सगळे हौदापासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात कोंडाळं करून उभे!

"टिओ, ते बघ. या उन्हात एकही घोडा पाणी पीत नाहीये."

तेवढ्यात एक म्हातारा तांबूस घोडा हळूहळू हौदाशी आला. मान लांब केली. ओठ पाण्याला टेकले न टेकले तोच त्याने झटक्यात मान वर केली आणि फुरफुरत मागे गेला.

"अरेच्चा!" टिओचं हसू मावळलं. "पण सकाळी तर मॅगपाय इथेच पाणी प्यायली. गटागटा! मी स्वतः पाहिलं. आणि या फाटकातून आत जाऊन दोन फेऱ्याही मारून आली."

"मग सकाळपासून आत्तापर्यंत काय बदललं?"

तिघांनी इकडेतिकडे पाहिलं. आणि आता जत्रेतली गाण्याची कर्कश धून जास्तच मोठ्याने ऐकू आली. 'चक्रीवादळ' नावाचा पाळणा पलीकडेच गरगरत होता. रिंगणाच्या कुंपणावर त्याची पाटी लुकलुकत होती: लाल, पिवळी, लाल, पिवळी!

"पाळणा!" मार्नी आणि टिओ एकदमच ओरडले. "सकाळी पाळणा बंद होता!"

पाटीपासून निघालेली काळी वायर कुंपणाच्या खांबावरून खाली उतरत होती. दोरी धरून चालावं तशी तिघं तिच्या मागे निघाली. वायर चिखलातून गेली, फाटकाच्या लोखंडी चौकटीखालून सरपटत पलीकडे निघाली आणि गवतातून थेट चक्रीवादळाच्या स्विचच्या पेटीत शिरली. चौकटीखाली मात्र ती चेंगरली होती. सारखं फाटक उघडून-मिटून वरचं रबर फाटलं होतं, आणि आत तांब्याची तार चमकत होती.

टिओचा हात आपसूक पुढे गेला. मार्नीने तो झटकन मागे ओढला.

"वेडा आहेस का? वीज आहे ती! फाटकात वीज उतरलीय, फाटकातून आवाराच्या कुंपणात, तिथून हौदात! आपल्या बुटांना रबरी तळ आहेत म्हणून आपल्याला कळत नाही. घोड्यांच्या पायात लोखंडी नाल, त्यात हा चिखल!"

"आणि गसचा बूट फाटका," टिओ पुटपुटला.

"सांगत होतो ना मी!" गस म्हणाला. "मुंग्या!"

जत्रेचे प्रमुख मिस्टर स्ट्राउड आपल्या छोट्या गाडीतून सारखे इकडून तिकडे धावत होते. मुलांनी त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"वीज?" ते मोठ्याने हसले. "पोरी, तुझ्या आईची घोडी अडली, वाईट वाटतंय मला. पण घोडी अडली की लोक वाऱ्यालाही दोष देतात, आता विजेला द्यायला लागले वाटतं!"

"पण मिस्टर स्ट्राउड, एकदा बघून तरी..."

"वीजवाला तिकडे शीतपेटीशी झगडतोय. तिथले सगळे केक वितळायला लागलेत! चला, पळा. पाण्याचा टँकर येतोय रिंगण भिजवायला. धूळ बसली की लगेच तुमची मेंढीस्वारी!"

गाडी भुर्रकन निघून गेली.

"रिंगण भिजवणार?" टिओचा आवाज चिरकला. "मार्नी, मेंढीस्वारीला सगळी बारकी पोरं त्याच फाटकावर चढून बसतात!"

मार्नी चक्रीवादळाकडे धावली. पाळणेवाला प्रुइट एकटाच तिकिटं फाडत होता, पट्टे आवळत होता, खटका ओढत होता. डोळे झोपेवाचून लाल झालेले.

"बंद करू? आणि रांगेतल्यांना काय सांगू?" तो वैतागला. "वायर नवी कोरी आहे. जा बरं, डोकं खाऊ नका!"

उरले आजोबा. ते नाल ठोकत होते. मान वर न करता त्यांनी सगळं ऐकलं आणि हातोडी खाली ठेवली.

"मार्नी, तू म्हणतेस ते खरं असेल तर पाळणा बंद झाला की घोडे पाणी पितील. बरोबर?"

"बरोबर!"

"मग दाखव. मी हौदाशी येऊन उभा राहतो. पण पाळणा बंद कसा करणार?"

मार्नीने टिओकडे पाहिलं. टिओने गसकडे पाहिलं.

"पाळण्यात कोणी ओकलं की तो काय करतो, माहितेय?" टिओ म्हणाला. "पेटीचा खटका पाडतो आणि नळीने सगळं धुतो. काल पाहिलं मी."

गसचे डोळे चमकले. "मी ओकू?"

"नुसतं नाटक करायचं हं! तोंडात सरबत आणि मक्याचे दाणे धर. दोन फेऱ्या झाल्या की फुर्रर्र!"

"आणि मिस्टर स्ट्राउड?" मार्नीने विचारलं.

"ते माझ्याकडे लागले," टिओ म्हणाला आणि बाबांच्या गाडीकडे पळाला. मिरचीचा गरम बरिटो दिसला की मिस्टर स्ट्राउड त्याच्या मागे कुठेही येतात, हे त्याला ठाऊक होतं. थोड्याच वेळात ते खरंच बरिटो खात खात हौदापाशी आले. आजोबा आधीच तिथे होते. आणि टँकर रिंगणाच्या पलीकडच्या तोंडाशी येऊन ठेपला होता!

"दोघांनीही कुंपणाला हात लावू नका," मार्नी म्हणाली. "फक्त घोड्यांकडे बघा."

"हे काय चाललंय?" तोंड भरलेलं असतानाच मिस्टर स्ट्राउड म्हणाले.

चक्रीवादळ सुरू झालं. एक फेरी. दुसरी फेरी. गसचा लाल शर्ट गर्रकन गेला, गर्रकन आला. आणि मग एक भयंकर आवाज ऐकू आला!

"ओऽऽऽक्!"

"शीऽऽ!" शेजारच्या मुली किंचाळल्या. "थांबवा! थांबवा!"

प्रुइटने कपाळावर हात मारला, पाळणा थांबवला आणि खाडकन खटका पाडला. गाणं मधेच तुटलं. कुंपणावरची पाटी विझली.

हौदाशी सगळे घोड्यांकडे बघत होते. घोडे मात्र जागचे हलेनात. मार्नीला शंका आली. आपलं चुकलं तर? घोडी खरंच बिथरली असेल तर?

तेवढ्यात तो म्हातारा तांबूस घोडा पुढे आला. थांबला. मान लांब केली. पाण्याला ओठ टेकवले, आणि या वेळी ते तिथेच राहिले! तो प्यायला, पीतच राहिला. दुसरा आला, तिसरा आला. मग ढुशा देत, एकमेकांना रेटत सगळेच हौदावर तुटून पडले.

"अरे देवा," मिस्टर स्ट्राउड म्हणाले. बरिटो हातातच राहिला.

पलीकडे प्रुइटने बाक धुऊन खटका वर केला. गाणं सुरू झालं, पाटी लुकलुकली, आणि हौदावरचे सगळे घोडे एकदम उसळून मागे पळाले!

"छे, काहीतरी योगायोग..." असं म्हणत मिस्टर स्ट्राउड फाटकाकडे हात नेणार, तोच आजोबांनी त्यांचा कमरेचा पट्टा धरून त्यांना मागे खेचलं.

"हात लावशील तर खबरदार! वीज बंद कर आधी. आणि तो टँकर थांबव!"

मिस्टर स्ट्राउड बरिटो फेकून पळत सुटले. एवढं पळताना त्यांना जत्रेत कोणी कधी पाहिलं नव्हतं. टँकर थांबला. वीजवाला धावत आला. त्याने आपलं तपासणीचं यंत्र फाटकाजवळ नेलं, तसं ते टीं टीं करत ओरडू लागलं. पेटी बंद करून त्याने फाटलेली वायर उपसली आणि सगळ्यांसमोर धरली.

"एवढ्याशा चिखलात नुसता झटका बसतोय," तो म्हणाला. "सगळं ओलं झालं असतं आणि पोरं ओल्या पायांनी वर चढली असती, तर..."

प्रुइट टोपी हातात घेऊन उभा होता. गर्दीतून एक चिमुरडी मुलगी आली आणि त्याच्या पायाला बिलगली. तिच्या पायात साध्या कापडी सपाता होत्या.

"ही माझी लेक," तो म्हणाला. "दिवसभर त्याच कुंपणाशी खेळत असते." त्याने तिला उचलून घेतलं. "मदतनीस सोडून गेला. घाईत वायर तशीच ओढली मी. तुम्ही सांगितलं, आणि मी तुम्हाला हाकलून दिलं."

आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, नवी वायर मी धरतो, तू ओढ. या वेळी वरून नेऊ, उंचावरून."

गस मात्र पांढराफटक पडून बाकावर बसला होता.

"काय झकास नाटक केलंस रे!" टिओने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"नाटक नव्हतं," गस कण्हत म्हणाला. "दाणे मी आधीच गिळले होते. ते... ते खरंच आले."

मार्नी आईच्या गाडीकडे धावत गेली. कॉरा पायरीवर बसून खोगिराचे पट्टे सोडत होती. मार्नीने तिला सगळं सांगितलं. तशी उठून कॉराने मॅगपायच्या मानेला मिठी मारली.

"तू ओरडून ओरडून सांगत होतीस, आणि मी माझंच रडत बसले," ती म्हणाली. "चल बाई, पाणी पी आधी."

गसने मेंढीवर तीन क्षणही काढले नाहीत, पण पडला तो हसतच! आणि दुपार कलताना कॉरा फाटकाशी आली. मॅगपायने चौकट हुंगली, एकदा कान टवकारले आणि सुसाट आत! पहिलं पिंप, दुसरं, तिसरं; धुळीचा लोट उठवत ती परतली, तेव्हा लोक बाकांवर उभे राहिले होते. कॉराचा नंबर तिसरा आला. पण पहिल्या आलेल्या बाईनेही आधी तिलाच मिठी मारली.

मिस्टर स्ट्राउड माईकशी गेले. घसा खाकरला.

"मंडळी, आज तीन मुलं मला काही सांगायला आली होती. मी हसलो. चूक माझी होती. आज तुमची लेकरं धडधाकट घरी जातायत ती या तिघांमुळे. मार्नी, टिओ आणि गस, रिंगणात या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टिओचे बाबा गाडी सोडून, हातातला झारा उंच हलवत नाचत होते. आजोबांनी डोक्यावरची हॅट काढून मॅगपायकडे पाहिलं.

"हिला विकायला निघालो होतो मी," ते म्हणाले. "मार्नी, तुझ्यासारखी पारख मला तुझ्या वयात नव्हती. आणि आजही नाही!"

निरोपाची मिरवणूक सुरू झाली, तसा कॉराने लगाम मार्नीच्या हातात दिला.

"मी? मॅगपायवर? सगळ्यांसमोर?"

"तूच! चढ पटकन, झेंडेवाले निघालेसुद्धा!"

मार्नी खोगिरावर चढली. तिच्या पुढे गस बसला आणि डाव्या-उजव्या बाजूला राजासारखा हात हलवू लागला. शेजारून टिओ चालत होता, बाबांची मोठी हॅट डोळ्यांवर घसरलेली. मॅगपाय डुलत डुलत पुढे निघाली, आणि मार्नीने वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते गसलाही ऐकू आलं नाही.