फळीआडचा जबाब

तस्नीम त्या दुपारी आगरदांड्याला आली ती फक्त ठोके टिपायला. मामूंचा जुना लाकडी मचवा धक्क्याशेजारी वर ओढून ठेवला होता आणि बाबाजी सुतार त्याच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होते. बाहेरचा ठोकतो, आतला त्याच फळीवर जबाब देतो, अशी इथली रीत. फायबरच्या होड्या आल्यापासून तो ताल ऐकायलाच मिळेना. चार वर्षं ग्लासगोत संगीताचं तंत्र शिकून आलेल्या तस्नीमने ठरवलं होतं, यातला एकही ठोका हरवू द्यायचा नाही.

"तिकडं ठोकायला शिकवलं का गो?" बाबाजींनी विचारलं.

"नाही काका, मोजायला." हे तिला त्यांच्या कानाशी दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"कान गेले माझे. पण हात हायत. फळीवर तळवा टेकला की जबाब कळतो. न्हाय आला तर समजायचं, आतला अडकला. मग येऊन झाकण उघडतो."

ती मासळीच्या खणात उतरली. फेरीबोटीचा भोंगा नको म्हणून झाकण तिनेच लावून घ्यायला सांगितलं. माइकमध्ये खरखर नको म्हणून फोनही वरच ठेवला. आत ताज्या डांबराचा आणि लाकडात मुरलेल्या मासळीचा वास होता. उजेड तेवढा मांडीवरच्या लॅपटॉपचा.

ठक. तिने हातातल्या लाकडी हातोड्याने, मोगरीने, आतून जबाब दिला. ठक.

ट्रॅकर, म्हणजे ठोके ओळींत मांडणारा प्रोग्राम, चालू होता; पडद्यावर ओळी वरून खाली सरकत होत्या. माइकमध्ये आलेला प्रत्येक ठोका जवळच्या ओळीला चिकटत होता. ओळी विरळ होत्या, म्हणून बाबाजींचा ठोका आणि तिचा जबाब एकाच ओळीत बसले. तिने एका मात्रेच्या सोळा ओळी केल्या. आता ठोका पहिल्या ओळीत, जबाब नवव्या ओळीत. तिला हसू आलं. जाळं बारीक केलं की लहान मासळीही सापडते.

थोड्या वेळाने डांबराने डोकं गरगरू लागलं. तिने झाकण ढकललं. हललं नाही. वरची कडी पडली होती.

"काका!"

ठक.

ओरडून उपयोग नव्हता. मग तिला रीत आठवली. तिने मोगरी खाली ठेवली आणि गप्प बसली. आता जबाब जाणार नाही. आता ते येतील.

ठक... ठक... ठक...

बाबाजी थांबत नव्हते.

तिने पडद्याकडे पाहिलं. नववी ओळ रिकामी होती. पण प्रत्येक ठोक्याच्या ओळीतच आणखी एक खूण चिकटली होती. प्रतिध्वनी असेल. तिने ती एक ओळ बारा टिकांत, ओळीच्या सगळ्यात बारीक तुकड्यांत, फोडली. प्रतिध्वनी असता तर दरवेळी त्याच टिकेवर आला असता. ही खूण आली नवव्या टिकेवर. मग आठव्या. मग सातव्या. इतका चटकन कुणाही माणसाचा हात जबाब देत नाही...

म्हणजे बाहेर बाबाजींच्या तळव्याला सगळं ठीक वाटत होतं. आणि आतलं जे काही होतं, ते दर ठोक्याला जवळ येत होतं.

सहा. पाच. श्वास पुरेना. गुडघ्याखालची फळी थरथरली.

तिने मोगरी उचलली आणि ताल सोडून वेड्यासारखे तीन ठोके हाणले.

बाहेर शांतता. मग वर पावलं वाजली, कडी निघाली, उजेड आत पडला.

"मधीच येडंवाकडं काय ठोकलंस? इतका वेळ बरा देत होतीस जबाब. जरा घाई व्हती, पन बरा."

"मी देत नव्हते, काका. मी केव्हाची थांबले होते!" ती त्यांच्या कानाशी ओरडली.

बाबाजींनी खणात डोकावलं. तिला हाताला धरून वर घेतलं, झाकण लावलं आणि त्यावर तळवा टेकून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"आज पुरं," ते हळूच म्हणाले. "सांज व्हायच्या आत घरी जा, बाय."

घरी तिने शेवटच्या ओळी उघडल्या. बाबाजींच्या शेवटच्या ठोक्याला जबाब पाचव्या टिकेवर होता. त्याखाली तिचे ते तीन ठोके. कुठल्याच तालात न बसणारे, कधी पडतील हे तिलाही ठाऊक नसलेले.

तिने ओळी फोडल्या. तिन्ही ठोक्यांना जबाब होता.

प्रत्येकाच्या एक टिक आधी.